विहिरीवर लटकलेला तो पांढरा फेस

पावसाळा लागला की हा प्रश्न फोटोसकट येतो: "विहिरीवर वाकलेल्या फांदीला साबणासारख्या फेसाचा गोळा चिकटलाय. कुणी काही टाकलंय का? काढून टाकू?"

राहू द्या. ते बेडकाचं घरटं आहे. गावात, टाकीच्या भिंतीला किंवा हौदाच्या काठाला असेल तर बहुधा भिंतींवर बसणाऱ्या तपकिरी चुनाम बेडकाचं. आंबोली किंवा गोव्याच्या घाटात डबक्यावरच्या पानांत असेल तर हिरव्यागार मलबारी उडत्या बेडकाचं असण्याची शक्यता जास्त.

फेसाची घुसळण रात्री चालते. नर मादीच्या पाठीला घट्ट धरून बसलेला असतो. मादी चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो रवीसारखा घुसळते. मग अंडी, त्यांवर नराचं वीर्य, की परत घुसळण, असं बराच वेळ. मलबारी मादी वर आजूबाजूची पानंही ओढून चिकटवते. फेसाचं बाहेरचं आवरण सुकून पापुद्रा होतं, आत ओल टिकते. अंड्यांतून पिल्लं बाहेर आली की आतला फेस पातळ होत जातो आणि साधारण आठवडाभरात बेडूकमासे थेंबांसारखे खालच्या पाण्यात पडतात. सुरुवातीचे नाजूक दिवस त्यांनी पाण्यातल्या माशांपासून आणि किड्यांपासून दूर काढलेले असतात. एवढ्यासाठीच हा खटाटोप.

आता साबणाचं. साबणाने फेस होतो, पण तोच साबण अंड्यांचं आणि शुक्राणूंचं पातळ आवरण फोडतो. बेडकाला फेस हवा आणि पेशीही शाबूत हव्यात. ही अडचण प्रथिनं सोडवतात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या टुंगारा बेडकाच्या फेसात रॅनास्पुमिन नावाची प्रथिनं सापडली. त्यांतलं एक पाण्याच्या पृष्ठभागावर आलं की शिंपल्यासारखं उघडतं आणि पृष्ठताण कमी करतं. पेशींना धक्का लागत नाही. (टुंगारात घुसळायचं काम नराकडे आहे, आणि फेस तरंगतो थेट डबक्यावर.)

आफ्रिकेतल्या करड्या फेस-बेडकाची मादी कोरड्या मुलखात राहते. घुसळता घुसळता तिच्या अंगातलं पाणी संपतं, म्हणून मधेच खाली उतरून पाणी भरून घेते आणि पुन्हा वर चढून काम पुरं करते. एका घरट्यावर अनेकदा बरेच नर जमलेले असतात.

फसतं कुठे? बहुतेकदा जागेच्या निवडीत. खालचं डबकं आटलं किंवा फेस सिमेंटच्या लादीवर लागला, तर पिल्लं पडून मरतात. पावसाने मोठी उघडीप दिली तर फेस आतपर्यंत वाळतो. काही माश्या फेसातच अंडी घालतात. त्यांच्या अळ्या बेडकाची अंडी फस्त करतात. आणि पिण्याच्या टाकीत क्लोरीन असतं.

जागा खरंच अडचणीची असेल तरच हलवा. फेस खरवडू नका. पानासकट फांदी छाटा आणि बादलीवर वीतभर उंचीवर टांगा. भिंतीवरचा फेस रुंद पात्याने, पापुद्रा न मोडता, अखंड सोडवावा लागतो, आणि ते दरवेळी जमत नाही. बादलीत पावसाचं पाणी घ्या. नळाचं असेल तर दिवसभर उघडं ठेवून मग वापरा. फेस पाण्यात बुडवू नका, आतल्या अंड्यांना हवा त्या बुडबुड्यांतूनच मिळते. बेडूकमासे पडले की त्याच परिसरातल्या डबक्यात सोडा. दुसऱ्या गावाला नेलेत तर रोगही सोबत जातात.

प्रत्येक फेस बेडकाचा नसतो, हेही पाहा. गवताच्या काडीवरच्या थुंकीसारख्या ठिपक्यात बारीक हिरवट किडा बसलेला असतो. तो झाडाचा रस पिऊन स्वतःसाठीच फेस करतो. काडीला घट्ट चिकटलेला, वाळून टणक झालेला तपकिरी फेस प्रार्थनाकीटकाच्या अंड्यांचा. मत्स्यपेटीत कोपऱ्यावर तरंगणारे बुडबुडे दिसले तर ते फायटर माशाच्या नराने लाळेत गुंडाळून तोंडाने सोडलेले आहेत. तेव्हा पाण्याचा पंप मंद ठेवा, नाहीतर ते फुटतात.