पीआयआर अकरा वाजता आंधळा का होतो: एक कोडं सुटलं, दुसरं कूलरनं घातलं

मागच्या नोंदीतलं कोडं सुटलं. पत्र्याच्या खोलीत माणूस आला की दिवा लावणारा एचसी-एसआर५०१ (उष्णतेवरून हालचाल ओळखणारं पीआयआर सेन्सर मॉड्यूल) सकाळी चोख, अकराच्या सुमारास ठार आंधळा आणि तीन वाजता, ऐन उन्हात, पुन्हा शहाणा. मॉड्यूल तीनदा बदललं, सप्लायवर २२० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर टाकला, दोन्ही पॉट (पल्ला आणि वेळ ठरवणारे स्क्रू) पिळून झाले. दोष त्यात नव्हताच.

भिंतीवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तेव्हा उलगडा झाला. पीआयआरला माणूस दिसत नाही, माणूस आणि मागची भिंत यांच्यातला फरक सरकताना दिसतो. उघडी त्वचा साधारण ३४-३५ अंश. सकाळी आठला पत्रा २९, म्हणजे माणूस गरम, लगेच पकड. अकराला पत्रा ३५ वर आणि माणूस भिंतीत विरघळला. तीनला पत्रा ४३, आता माणूसच भिंतीपेक्षा गार. फरक उलटा झाला, पण मॉड्यूलवरच्या बीआयएसएस०००१ चिपला दोन्ही दिशा चालतात. संध्याकाळी पत्रा निवताना हीच आंधळी वेळ परत येते. म्हणजे लातूर-परभणीकडच्या मे महिन्यात रोज दोनदा. बोर्डावर थर्मिस्टरसाठी (तापमानानुसार बदलणारा रोध) ‘आरटी’ची जागा रिकामी असते, पण फरकच शून्य असेल तर भरपाई कशाची करणार?

म्हणून मागची भिंतच बदलली. सेन्सर ७ फुटांवर लावून खाली इतका वाकवला की लेन्सच्या नजरेच्या सगळ्या पट्ट्या शहाबादी फरशीवर पडाव्यात. भर दुपारी फरशी ३१, पाणी मारलं की २८. पल्ला ३ मीटरवर आला, पण दाराला तेवढं पुरतं. सेन्सर दाराच्या बाजूला हवा, समोर नको: आडवा जाणारा माणूस पट्ट्या कापतो, सरळ अंगावर येणारा उशिरा कळतो. लाईट येताच पहिला मिनिट मॉड्यूल वाटेल तसं बडबडतं. कोडमध्ये ६० सेकंद त्याचं ऐकूच नये. आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये ही ओळ विसरलात तर रात्री तीनला दिवा लागणार.

आरसीडब्ल्यूएल-०५१६ या स्वस्त रडार सेन्सरचा नाद सोडला. विटांच्या भिंतीपलीकडचा माणूसही त्याला दिसतो, आणि ईएसपी या कंट्रोलर बोर्डाचा वायफाय जवळ असला की उगाच ट्रिगर होतो.

आता पीआयआरच्या जागी एलडी२४१०, हाही रडारच, पण स्थिर माणूसही ओळखणारा. ‘सी’ घ्या, त्याच्या पिना २.५४ मिलिमीटरवर आहेत; ‘बी’च्या १.२७ वर, ब्रेडबोर्डला निरुपयोगी. एका दुकानानं ‘सी’ सांगून ‘बी’ पाठवला आणि वर ‘सारखाच आहे’ म्हणून ऐकवलं! सीरियलचा (कंट्रोलरशी बोलण्याच्या तारेचा) वेग सेकंदाला २५६००० बिट, ईएसपी८२६६ चं सॉफ्टवेअर सीरियल तिथं गळपटतं. ईएसपी३२ चं हार्डवेअर सीरियलच वापरा.

पत्रा ४३ असो की २३, रडारला फरक पडत नाही. त्याची डोकेदुखी वेगळी: कूलर. पंखा फिरला की खोली कायम ‘भरलेली’. रडार अंतराचे टप्पे पाडतो, त्यांना गेट म्हणतात, मोजणी शून्यापासून. एक गेट ०.७५ मीटरचं आणि कूलर २.६ मीटरवर, म्हणजे गेट ३ मध्ये. त्या गेटचा संवेदनशीलतेचा आकडा (जितका मोठा, तितका रडार मठ्ठ) १०० केला की ते गेट बंद पडतं. केलं, कूलर गप्प झाला, पण बाजेवरचा माणूसही गायब! रडारला अंतर कळतं, दिशा नाही. बाजही २.४ मीटरवर, त्याच गेटमध्ये.

कूलर खिडकीतून हलणार नाही, तेव्हा रडार हलवला. १२ बाय १४ च्या खोलीत समोरच्या कोपऱ्यात नेला: बाज १.८ मीटर, गेट २, कूलर ४.१ मीटर, गेट ५. कमाल गेट ४ ठेवलं की ३.७५ मीटरपलीकडचं सगळं कापलं जातं. दुपारभर कूलर चालू ठेवून तपासलं, एकही खोटा ट्रिगर नाही.

यात दारही कापलं गेलं. पीआयआर काढूनच टाकायचा बेत होता, तो इथं फिरला: दिवा लावणार पीआयआर, विझवणार रडार. पीआयआरचा डिले पॉट पूर्ण डावीकडे (साधारण ३ सेकंद), जंपर ‘एच’वर (हालचाल चालू असेपर्यंत सिग्नल चालू), आणि रडार सलग ३० सेकंद ‘रिकामी’ म्हणाला की मगच दिव्याचा रिले सुटणार.

राहिलं ते गोधडी पांघरून कुशीवर झोपलेल्याचं. गेट २ चा स्थिर (न हलणाऱ्या माणसासाठीचा) आकडा ४० आहे, तो रात्री ३० वर आणून पाहायचा आहे. त्याहून खाली गेलं तर वाऱ्यानं हलणारी मच्छरदाणीच माणूस ठरेल.