एकच ‘टक’

मागच्या मे महिन्यातली दुपार. आईला दवाखान्यात दाखवून सीताबर्डीहून निघायचं होतं. चावी फिरवली, बोनेटखालून एकदाच ‘टक’ असा आवाज आला आणि सगळं शांत. पुन्हा फिरवली, पुन्हा एकच टक. पानठेल्यावरचे काका म्हणाले, “बॅटरी गेली, ऊन पाहा ना किती हाय!” पटलं, कारण नागपूरच्या उन्हात बॅटऱ्या खरंच लवकर बसतात. जवळच्या दुकानातून नवी घालून घेतली. चावी फिरवली. टक.

शेवटी ठेल्यावरच्या पोरांनी धक्का मारला, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला आणि गाडी थेट मानेवाड्याला ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने पहिला प्रश्न विचारला, “ताई, सेल्फ मारताना हेडलाइट मंद होते का?” मी म्हटलं, नाही. “मंग बॅटरी काहून बदलली? बॅटरी उतरली असती तर लाइट पडले असते, टकटकटक वाजलं असतं.”

त्याने सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, उतरवून पोत्यावर खोलला. चावीतून जातो तो थोडासा करंट, सोलेनॉइड या विजेच्या चुंबकावर चालणाऱ्या स्विचच्या गुंडाळीपुरता. गुंडाळीचं चुंबक झालं की लोखंडी दांडा आत ओढला जातो आणि एकाच झटक्यात दोन कामं करतो. पुढे बेंडिक्स, म्हणजे मोटरचं छोटं दातेरी चाक, ढकलून त्याचे नऊ-दहा दाते इंजिनच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, दातेरी रिंगमध्ये अडकवतो. मागे तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर दाबतो. त्या चकतीतून शंभर-दोनशे अँपिअर थेट मोटरला मिळतात. एवढा करंट चावीतून नेला तर तिचा स्विचच जळून जाईल. इंजिन सुरू झालं की बेंडिक्समधला एकतर्फी क्लच मोकळा फिरतो, नाहीतर इंजिनच्या वेगाने आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या भागाच्या, चिंध्या होतील.

माझी चकती काळी पडली होती, कडेला नख अडकेल एवढा खड्डा. दांडा धडकत होता, म्हणून टक. तांबं टेकत नव्हतं, म्हणून मोटरला करंटच नाही आणि हेडलाइट तसेच झगझगीत.

चकती आणि बोल्ट नवे बसवले, मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे झिजलेले कार्बनही बदलले. नव्या बॅटरीच्या तुलनेत खर्च किरकोळ, तोही तासाभरात. म्हणून तुमच्या गाडीत एकच टक वाजला, तर दुकानात जायच्या आधी हेडलाइट लावा, कुणाला तरी समोर उभं करा आणि मग चावी फिरवा.