चौकटीत कोणी नको

वाई, २८ नोव्हेंबर

आज सकाळी साडेसातच्या सुमारास घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात मी जवळजवळ वीस मिनिटे उभी होते. समोर एका जुन्या घराचे दोन पानांचे सागवानी दार होते. वरच्या गणेशपट्टीवर वर्षानुवर्षांच्या तेलाशेंदराने मूर्तीची सोंड तेवढी ओळखू येत होती, चौकटीच्या दोन्ही अंगांना दिवा ठेवण्याच्या देवळ्या होत्या आणि उंबरा मधोमध इतका झिजला होता की तिथे पावसाचे पाणी साचत असावे. ऊन कोवळे आणि तिरपे होते, त्यामुळे कोरीव वेलबुट्टीची प्रत्येक पाकळी उठून दिसत होती. अडचण एवढीच होती की त्या घरातल्या आजी उंबऱ्यापुढे रांगोळी काढत बसल्या होत्या आणि त्या आत जाण्याची मी वाट पाहत होते.

गेली नऊ वर्षे मी जिथे जाते तिथली दारे आणि खिडक्या टिपते. माझी पद्धतही ठरून गेली आहे. दाराच्या अगदी समोर, मध्यावर उभे राहायचे आणि कॅमेरा वर किंवा खाली न कलवता छातीच्या उंचीवर धरायचा, कारण तो थोडा जरी कलला तरी चौकटीच्या उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात आणि दार पडायला आल्यासारखे दिसते. शक्य तर ढगाळ दिवस निवडायचा, कारण कडक उन्हात छज्जाची सावली अर्धे दार गिळून टाकते. शेवटचा नियम असा की छायाचित्रात माणूस येऊ द्यायचा नाही. हा नियम मला कोणी शिकवला नव्हता. माणूस आला की बघणारा त्याच्याकडेच बघतो, दाराकडे नाही, असे मी स्वतःलाच पटवून दिले होते.

काल मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात गेले होते. तिथल्या घाटावरची मोठी घंटा पाहायला बरीच मंडळी येतात. वसईच्या मोहिमेनंतर ती पोर्तुगीज चर्चमधून इकडे आली. मी मात्र नेहमीप्रमाणे दारांपाशीच रेंगाळले. जुन्या वाड्यांच्या दारांना बहुधा बिजागऱ्या नसतातच. दाराच्या पानालाच वर आणि खाली गोल खुंट ठेवलेले असतात आणि ते चौकटीतल्या खळग्यांत फिरतात, म्हणून असे दार उघडताना जो खोल, कण्हल्यासारखा आवाज येतो, तो बिजागरीच्या दाराला कधी येत नाही. आतून लावायचा अडसर म्हणजे भिंतीतल्या पोकळीत सरकवून ठेवलेला अख्खा लाकडी वासा. तो दिवसा भिंतीत दडलेला असतो आणि रात्री ओढून आडवा घालतात. यातले छायाचित्रात काय उतरते? दाराचे तोंड उतरते, त्याची चाल उतरत नाही.

संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर जुना संग्रह चाळत बसले आणि पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीची छायाचित्रे समोर आली. तिथल्या काही जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने आहेत. सपाट, पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले असतात. काच महाग आणि दुर्मीळ होती त्या काळातली ही युक्ती. त्यांतून पलीकडचे काही दिसत नाही, पण दुपारचे ऊन आत दुधाळ होऊन पसरते. अशा एका खिडकीचे मी बाहेरून अकरा फोटो काढले होते. बाराव्या वेळी झडप उघडली, आत बनियनवर उभा असलेला एक गृहस्थ माझ्याकडे पाहू लागला, आणि मी एक शब्दही न बोलता पुढच्या घराकडे वळले. त्याच गल्लीत काही घरांवर छायाचित्रे काढू नयेत अशा विनंतीच्या पाट्या होत्या आणि त्या वाचून मला चक्क राग आला होता. खिडकीतून आत येणारा तो उजेड मी कधी पाहिलेलाच नाही, कारण तो पाहायला त्या घरात शिरावे लागते आणि शिरायचे तर आधी नमस्कार करावा लागतो.

माणूस नको असेल तर शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आहेच. १८२८ च्या आगीत आतला लाकडी वाडा जळून गेला आणि दार मात्र राहिले. हत्तींच्या धडकांना अडवण्यासाठी उंचावर बसवलेले अणकुचीदार लोखंडी खिळे अजून जागच्या जागी आहेत, आणि एरवी माणसांनी ये-जा करावी म्हणून त्याच दारात लहानशी दिंडी, म्हणजे दारातले छोटे दार, ठेवलेली आहे. त्या दरवाजाचे माझे छायाचित्र अनेकांना आवडते. मला ते काल रात्री फारच पोरके वाटले, कदाचित थकव्यामुळेही असेल.

तर आज सकाळी आजींनी रांगोळीचा शेवटचा ठिपका जोडला, हात झटकले आणि विचारले, “बाई, कुणाकडं आलाय?”

“कुणाकडे नाही, आजी. तुमच्या दाराचा फोटो काढायचा होता.”

“मग काढा की. मघापासनं ताटकळताय कशाला?”

खरे कारण सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी दार किती जुने आहे असे विचारले. त्यांनी वर्ष सांगितले नाही. डाव्या पानाची खालची फळी वाळवीने खाल्ली तेव्हा सुताराने आंब्याची फळी बसवली, ती सागवानात वेगळी दिसते म्हणून सगळ्या दाराला हिरवा तेलरंग दिला, आणि पुढे मुलाने तो खरवडून काढला, हे मात्र तपशीलवार सांगितले. मग त्यांनी बाहेरची पितळी कडी हातात घेऊन वाजवून दाखवली. घरधनी ती तीनदा वाजवत आणि भाऊबंद दोनदा, त्यामुळे स्वयंपाकघरातूनच कळे की चहा किती कप टाकायचा.

मी म्हटले, “आजी, तुम्ही बसता का उंबऱ्यापाशी? तुमच्यासकट काढते.”

त्यांनी आधी स्वतःकडे पाहिले, मग दाराकडे, आणि कोपऱ्यातल्या निळ्या प्लॅस्टिकच्या बादलीकडे बोट दाखवले. “ती बादली तेवढी फोटोत येऊ देऊ नका. बरं दिसत नाही.”

बादली उचलून मी आतल्या पडवीत ठेवली आणि बाहेर येऊन दोन पावले मागे सरकले. तोवर आजींनी पदर सारखा केला होता आणि कडी अजून त्यांच्या हातातच होती.