वर्ग रिकामा, मग अनुदान कशाला?

"पोट्टे वर्गात नसतेत मॅडम, मंग सरकारनं कॉलेजले पैसे कायले द्यावे?" लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, दवाखान्यातसुद्धा हाच प्रश्न. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगते.

वर्ग रिकामे असतात. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन सोंगायला येतं, दिवाळीनंतर कापूस वेचायला. मजूर परवडत नाही, मग पोरं वावरात. ७५ टक्के हजेरीचा नियम काटेकोर लावला, तर आधी त्या पोरींचे परीक्षेचे फॉर्म अडतील ज्यांचं लग्न कॉलेजच्या नावावर लांबलंय. म्हणून आम्ही तो तसा लावत नाही. याला खोटेपणा म्हणाल, तर म्हणा.

नोकरीच्या सुरुवातीला मीही म्हणायची, जेवढी हजेरी तेवढंच अनुदान द्या, सगळे सरळ येतील.

मग इतिहासाला तासिका तत्त्वावर एक सर आले. सेट, म्हणजे प्राध्यापकाची पात्रता परीक्षा, पास; पीएचडी झालेले. जेवढे तास तेवढं मानधन, म्हणजे तुमची कल्पना त्यांना आधीच लागू होती. सोंगणीच्या दिवसांत वर्गात दोघंच असायचे. सर त्या दोघांना पूर्ण तास शिकवायचे. महिन्याचं बिल आलं, तर ते तास कापलेले: विद्यार्थी नव्हते म्हणून. स्टाफरूममध्ये त्यांनी हजेरीबुक उघडलं आणि त्या दोन नावांवर बोट ठेवून उभे राहिले. मी भांडले, काही झालं नाही. उरलेलं मानधनही उन्हाळ्यात मिळालं. तोवर सर रविवारी दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जात होते. पुढच्या वर्षी ते मुलाखतीला आलेच नाहीत. त्या दोघांतला एक मला विचारायचा, "मॅडम, सर कधी येतीन?"

कापलेल्या तासांनी एकही पोरगं वावरातून वर्गात आलं नाही.

माझा पगार मात्र त्या महिन्यातही पूर्ण झाला, सरकारी अनुदानातल्या मंजूर पदावर आहे म्हणून. अशा पदावर बसून वर्गाकडे न फिरकणारेही आहेत. तुम्ही ओळखता त्यांना, मीही ओळखते. त्यांची बाजू मी घेणार नाही. पण अनुदान हजेरीला बांधलं, तर त्यांच्याच वर्गाची हजेरी कागदावर शंभर टक्के दिसेल.

रिक्त पदं भरा, खेड्यावरून सकाळची गाडी वेळेत येऊ द्या, मग मोजा हजेरी, असं मी म्हणते. तरीही वर्ग भरले नाहीत तर काय, हे मला आजही सांगता येत नाही.