मधमाश्यांसाठी बागेत काय करायचे थांबवावे

मधमाश्या कमी होत आहेत असे वाचले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मधाने भरलेले पोळे येते आणि त्यांना मदत करायची म्हणजे घरी एखादी मधपेटी आणून ठेवायची, असा समज होतो. हा समज सद्भावनेतून आलेला असला, तरी तो बदलायला हवा असे मला मनापासून वाटते. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक प्रजाती ज्ञात आहेत आणि मोठी पोळी बांधून मध साठवणाऱ्या प्रजाती त्यांतल्या अगदी मोजक्या आहेत. बहुसंख्य मधमाश्या एकट्या राहतात. त्यांच्यात राणी नसते आणि कामकरीही नसतात; प्रत्येक मादी स्वतःचे घरटे स्वतः तयार करते, परागकण आणि मकरंद यांचा गोळा करून त्यावर अंडे घालते, तो खण बंद करते आणि बहुधा पिल्ले बाहेर पडण्यापूर्वीच मरून जाते. पेटीतल्या मधमाश्यांची देखभाल करणारी माणसे असतात, आणि जगभरातील पेट्यांची संख्या गेल्या अर्धशतकात एकंदरीत वाढलेलीच आहे. या एकट्या राहणाऱ्या माश्यांना मात्र कोणी वाली नाही. उलट, जिथे फुले कमी आणि पेट्या जास्त, तिथे पाळीव मधमाश्या त्यांच्या तोंडचा घास काढून घेतात.

घट किती गंभीर आहे, याचा अंदाज काही नोंदींवरून येतो. जर्मनीतील संरक्षित क्षेत्रांमध्ये २७ वर्षे लावलेल्या सापळ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन पाऊणपटीहून अधिक घटल्याचे आढळले. हे आकडे सर्वच उडणाऱ्या कीटकांचे आहेत, फक्त मधमाश्यांचे नाहीत. पण अधिवास राखीव ठेवूनही इतकी घट व्हावी, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. त्याच वर्षी अमेरिकेत पाठीवर तांबूस ठिपका असलेल्या एका बंबल मधमाशीला संकटग्रस्त प्रजातीचा दर्जा द्यावा लागला.

कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. माळराने आणि शेताचे बांध नाहीसे झाले की फुले जातात आणि घरट्याची जागाही जाते. व्हरोआ हा परजीवी कोळी मूळचा आशियातील सातेरी मधमाशीवर राहणारा. पाळीव मधमाश्यांची ने-आण सुरू झाल्यावर तो युरोपीय मेलिफेरा मधमाशीवर गेला आणि त्याला तोंड देण्याची सवय नसलेल्या त्या मधमाशीचे त्याने अतोनात नुकसान केले. निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशके तर बियाण्याला चोळली तरी रोपाच्या अंगभर पसरतात आणि परागकणांत व मकरंदात उतरतात. मधमाशी तेथेच मरून पडते असे नाही. पण तिची स्मरणशक्ती आणि दिशाज्ञान बिघडते, आणि घरी परतू न शकणारी माशी मेल्यातच जमा असते. युरोपीय संघाने या गटातील तीन औषधांवर २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये त्यांचा उघड्यावरील वापर पूर्ण थांबवला.

एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे घरची बाग क्षुल्लक वाटू शकते. परंतु लहान आकाराच्या एकट्या मधमाश्या घरट्यापासून काही शे मीटरच उडतात. त्यांचे सारे जग तेवढ्याच परिसरात सामावलेले असते. त्यामुळे एखादे अंगण किंवा कुंड्यांनी भरलेली गच्चीसुद्धा त्यांच्यासाठी मोठी असते.

सर्वांत आधी फवारणी थांबवावी. गुलाबाच्या पानाच्या कडेला सुबक गोल काप दिसला की अळी पडली असे समजून औषध मारले जाते. प्रत्यक्षात तो पाने कातरणाऱ्या मधमाशीने पिल्लांच्या खणाला अस्तर लावण्यासाठी नेलेला तुकडा असतो, आणि झाडाला त्याने काहीही अपाय होत नाही. नैसर्गिक असे लिहिलेले सगळेच निर्धोक असते असेही नाही. पायरेथ्रम हे कीटकनाशक फुलांपासून काढतात, तरी ते मधमाश्यांना विषारीच आहे. मावा पाण्याच्या फवाऱ्यानेही बराच निघून जातो.

दुसरी गोष्ट मातीची. मधमाश्यांच्या सुमारे ७० टक्के प्रजाती जमिनीत बिळे करून राहतात, आणि नीटनेटक्या बागेत त्यांना नेमकी मोकळी जमीनच मिळत नाही, कारण तिथे फरशी असते, हिरवळ असते किंवा आच्छादनाचा जाड थर असतो. उन्हात असलेला, पाण्याचा निचरा होणारा एखादा उघडा तुकडा न खणता, न झाकता तसाच राहू द्यावा. तिथे बारीक भोके आणि भोवती मातीची लहानशी रास दिसली, तर मुंग्यांचे औषध टाकण्यापूर्वी थोडा वेळ बसून पाहावे. या माश्या माणसाच्या अंगावर सहसा येत नाहीत. वाळलेले पोकळ देठही लगेच छाटू नयेत, कारण त्यांत कोणीतरी वाढत असण्याचा संभव असतो.

फुलांच्या बाबतीत साधी, एकेरी पाकळ्यांची फुले श्रेष्ठ. भरगच्च दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे ती देखणी असली तरी मधमाशीला त्यांतून फारसे काही मिळत नाही. तुळस आणि कोथिंबीर फुलू द्यावी. एका जातीची चार-पाच रोपे जवळजवळ लावावीत, आणि वर्षभर काही ना काही फुललेले राहील असे पाहावे. टोमॅटो आणि वांग्याचे फूल तर पाहण्यासारखे असते. त्यांच्या परागकोशांना टोकाशी फक्त बारीक छिद्र असते. भुंगा, म्हणजे एक प्रकारची रानमाशीच, त्या फुलाला बिलगतो, पंख स्थिर ठेवून छातीचे स्नायू थरथरवतो, आणि त्या कंपनाने पराग बाहेर उडतात. मध देणाऱ्या पाळीव मधमाशीला हे जमत नाही. पेटी ठेवून रानमाश्यांची जागा भरून निघत नाही, ती अशा कारणांमुळे.

पाण्यासाठी उथळ बशीत खडे ठेवले की पुरे. साखरपाणी किंवा विकतचा मध ठेवू नये. मधातून रोगाचे जिवाणू पसरू शकतात. बांबूच्या नळ्यांचे घरटे लावायचे असेल, तर नळ्या मागून बंद, आतून गुळगुळीत आणि साधारण १० मिलिमीटरपर्यंतच्या वेगवेगळ्या व्यासांच्या असाव्यात, आणि वापरलेल्या नळ्या माश्या बाहेर पडल्यानंतर बदलाव्यात. अन्यथा बुरशी आणि परजीवी तिथेच मुक्काम करतात.

राहता राहिली नवी रोपे. मधमाश्यांसाठी म्हणून आणलेल्या रोपात अंगभर पसरणारे कीटकनाशक आधीच भिनलेले असू शकते, आणि रोपाकडे पाहून ते कळत नाही. म्हणून विकत घेताना त्यावर काय मारले आहे हे स्पष्ट विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर बियांपासून किंवा ओळखीच्या बागेतील फांदीपासून रोप तयार करावे.