फुए, पण कोण?

चाकणच्या एका कंपनीसाठी मी दुभाषी म्हणून काम करते आणि तिथल्याच मंडळींना स्पॅनिश शिकवते. गिऱ्हाईक मेक्सिकोत, केरेतारोला. तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, त्यामुळे आमचे कॉल सेकंड शिफ्टमध्ये, बहुतेकदा वडापावच्या वासात.

त्या दिवशी विषय नाजूक होता. त्यांची असेम्ब्ली लाइन मध्येच बंद पडली होती. लाइन आमच्या मालामुळे थांबली असं एकदा ठरलं की मागोमाग डेबिट नोट, म्हणजे नुकसानीच्या वसुलीचा कागद, येते, आणि तिच्यावरचा आकडा पाहिला की त्या पार्टची किंमत चिल्लर वाटते. क्वालिटीतला माझा एक विद्यार्थी, हुशार पण उतावळा, नोंदी घ्यायला बसला होता. समोरून मेन्टेनन्सच्या बाई बोलत होत्या. मागून कुणीतरी त्यांना काही विचारलं. त्यांनी मान वळवून उत्तर दिलं, ‘फुए पोर ला रेफाक्सिओन.’

रेफाक्सिओन म्हणजे मेक्सिकोत स्पेअर पार्ट. पोरानं लगेच टाइप केलं, ‘स्पेअर पार्टमुळे झालं,’ आणि लॅपटॉप साहेबांकडे वळवला. साहेबांनी कॉल म्यूट करून माझ्याकडे पाहिलं.

व्याकरणानं पाहिलं तर त्यानं लिहिलेलं बरोबरच होतं. पंचाईत आहे ती फुएची. सेर म्हणजे असणं आणि इर म्हणजे जाणं, या दोन्ही क्रियापदांचा साधा भूतकाळ स्पॅनिशमध्ये अक्षरशः एकच आहे: फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुएरोन. मूळची ही रूपं लॅटिनमधल्या असण्याची. जाण्याच्या क्रियापदानं ती उचलली आणि परत केलीच नाहीत. त्यात स्पॅनिशमधला ‘पोर’ म्हणजे ‘-मुळे’ही आणि ‘आणायला’ही. वर स्पॅनिशमध्ये मराठीसारखाच कर्ता गाळता येतो. म्हणजे त्या एका वाक्यातून ‘ते पार्टमुळे झालं’ आणि ‘तो पार्ट आणायला गेला’ असे दोन्ही अर्थ निघतात. एकात आमची मान अडकते, दुसऱ्यात कुणाचंच काही बिघडत नाही.

म्यूट काढून मी कर्ता घालूनच विचारलं, ‘एल तेक्निको फुए पोर ला रेफाक्सिओन?’

‘सी, सी,’ बाई म्हणाल्या. तंत्रज्ञ स्टोअरला गेलाय, वेगळ्याच मशीनचा पार्ट आणायला. ‘आणि लाइन?’ त्यावर उत्तर आलं, ‘से फुए ला लूस.’

हे मात्र पोराला भाषांतर न करताच कळलं. तो मोठ्यानं म्हणाला, ‘लाईट गेली!’ साहेबांनी पहिल्यांदा वडापावला हात लावला.

पुढच्या तासाला मी धडा बाजूला ठेवला आणि फुएच घेतलं. नंतर काय येतं ते बघा, एवढंच सांगितलं. पुढे ‘आ’ आणि ठिकाण आलं तर गेला. नाम किंवा विशेषण आलं तर होता: फुए मेदिको, डॉक्टर होता. ‘एन’ आलं की पुन्हा डोळे उघडे ठेवायचे, कारण फुए एन त्रेन म्हणजे रेल्वेनं गेला, आणि फुए एन पुएब्ला म्हणजे ते पुएब्ला शहरात झालं. आधी ‘से’ आलं तर निघून गेला, मग घरी असो की नोकरी सोडून. से नोस फुए म्हणाले तर जपून, माणूस वारला असं त्यात बरेचदा असतं. आपणही ‘आजोबा गेले’ म्हणतोच की.

मजा कर्मणी प्रयोगात आली. ला पिएसा फुए रेचासादा: पार्ट नाकारला गेला. स्पॅनिशच्या मते हे फुए असण्याचं, पण आपण तिथे जाणंच वापरतो. माझं मत विचाराल तर मराठी माणसानं हे रूप इंग्रजीच्या वाटेनं शिकूच नये, उगाच लांबचा वळसा पडतो. एकीनं अप्पा बळवंत चौकातून आणलेलं जुनं व्याकरण काढलं, त्यात फुएवर आघातचिन्ह होतं. ते चिन्ह स्पॅनिश अकादमीच्या नियमांनी 1959 पासून गेलं, म्हणून मी तिला पुस्तकाचं साल बघायला लावलं. त्याआधीचंच निघालं.

पोरानं धडा मनावर घेतला. पुढच्या कॉलला बाई काही सांगत असताना त्यानं मध्येच, खणखणीत आवाजात विचारलं, ‘किएन फुए?’ त्याला म्हणायचं होतं, कोण गेलं? पण नुसतं किएन फुए म्हणजे, हे कुणी केलं?

पलीकडे सगळे गप्प. मग बाई म्हणाल्या, ‘नोसोत्रोस नो.’ आम्ही नाही.