घरचं झालं ते

“ते घरचं झालं हो. प्रॉपर एक्सपीरियन्स किती?”

सुपरमार्केटच्या स्टोअर मॅनेजरची मुलाखत, आज नाशिकमध्ये. वडिलांच्या किराणा दुकानात 11 वर्षं गल्ल्यावर बसलोय, असं मी नुकतंच सांगितलं होतं. समोरच्या साहेबांनी (वयानं माझ्याहून लहानच असावेत) अनुभवाच्या रकान्यात शून्य लिहिलं. टेबलाच्या या बाजूनंही शून्य शून्यच दिसतं.

मग प्रश्न आला, “श्रिंकेज कसं कंट्रोल कराल?”

क्षणभर गडबडलो. मग डोक्यात उजेड पडला, अरे, ही तर आपली घट! गुळाला पाणी सुटतं, मिरची वाळून हलकी होते, उंदीर पोतं कुरतडतात, सुटं देताना काटा थोडा गिऱ्हाइकाकडे झुकतो. आणि काही माल न सांगताच कुणाच्या तरी पिशवीत जातो. सगळं बोललो.

“आणि फेफो?”

म्हणजे ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी विकायचा. अण्णा रोज रात्री शटर ओढायच्या आधी बिस्किटांचे जुने पुडे पुढे घ्यायचे, नवे मागे सारायचे. त्याला काही नाव असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

साहेबांनी मान डोलावली. उत्तरं बरोबर आहेत म्हणाले. शून्य मात्र खोडलं नाही.

पगाराची स्लिप नाही, म्हणून? उधारीच्या वह्या आहेत की माळ्यावर, गठ्ठाच्या गठ्ठा. पुढच्या मुलाखतीला एखादी घेऊन जाऊ का?